पंचफुलाची नजर

"बोल की गं, वरचं अक्षर कोणतं?" अमृतराव गुरुजींनी तक्त्यावर छडी टेकवली. पंचफुलानं मान खाली घातली.

शाळेच्या दारात उभी असलेली तिची आजी, कोंडाबाई, गालातल्या गालात हसली. लाजली असणार कार्टी! नाहीतर अख्ख्या गावात हिच्याएवढी तिखट नजर होती कुणाची? लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच होता. पाण्याचा टँकर मुरुडहून यायचा, पण कधी येईल याचा नेम नसायचा. पंचफुला टेकाडावर बसायची आणि एकदम "आला, आला!" म्हणून ओरडत सुटायची. इतर पोरांना अजून धुरळाही दिसलेला नसायचा, तोवर तिच्या गल्लीच्या घागरी रांगेत पहिल्या लागायच्या. म्हणून तर नव्या जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाई डोळे तपासायला आल्या, तेव्हा गुरुजींनी शाळेची शान म्हणून हिलाच सगळ्यांत आधी उभं केलं होतं.

"नुसतं पांढरं दिसायलंय, बाई," पंचफुला शेवटी पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंनी तिला पुढे घेतलं. मग आणखी पुढे. तक्त्याला नाक लागायची वेळ आली, तेव्हा कुठे पोरीनं "प" म्हटलं. गुरुजींचा चेहरा खर्रकन उतरला.

"मग टँकर कसा दिसतो गं तुला?"

"दिसतोय कुठं, गुरुजी? वढ्याच्या चढाला लई घरघरतो. ते ऐकू येतंय." पोरगी रडकुंडीला आली. "आज्जे, आता मला टेकाडावर बसू देनार न्हाईत का गं?"

कोंडाबाई दारातून लगबगीनं आत आली. एवढीशी पोर एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून बसली, आणि आपण गावभर तिच्या नजरेचं कौतुक सांगत फिरलो! तिनं नातीला जवळ ओढलं, पदरानं तिचे डोळे पुसले.

डॉक्टरीणबाईंनी पेटीतून चष्म्याची चौकट काढली, पोरीच्या नाकावर ठेवली आणि काड्या कानांमागे सारू लागल्या. तशी कोंडाबाईनं झटकन त्यांचा हात धरला.

"थांबा, बाई! चष्मा द्या, खुशाल द्या. पन त्या काड्या दुसरीकडं कुठं तरी अडकवा. आमच्या गल्लीचं पानी त्याच कानांवर हाय."