कानाचं मशीन

मामांना मशीन परत करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं म्हणून मिशनच्या आवारात आवराआवर चालली होती. शिबिराचे दोन तंबू उतरले होते. तिसऱ्यात ती, कान तपासणारी, चारी बाजूंच्या गाद्या सोडवत बसली होती. बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून नवऱ्याने पहिल्याच दिवशी त्या बांधल्या होत्या. नवरा बाहेर, मशीन कानात नीट बसावं म्हणून लागणारे साचे करायचं सामान खोक्यात भरत होता. मामा आत आले, डाव्या कानाला बोट लावलं आणि काहीतरी म्हणाले.

"काढून घ्या म्हणतायत," मुलगी म्हणाली. सोळा वर्षांची पोर, पण तीन आठवड्यांत तिने इथली परकी भाषा अशी उचलली होती, की आईबाबांचं पान तिच्यावाचून हलत नव्हतं.

"दुखतंय का विचार. साचा टोचत असेल तर बाबा घासून देतील."

दुखत नव्हतं. मशीनमधून शिट्टी वाजत नव्हती. सेलही नवाच होता.

ती गोंधळली. मामा म्हणजे मिशनचे म्हातारे पहारेकरी. मामा हे नाव मुलीने ठेवलेलं. कित्येक वर्षांत त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. रोज सकाळी शिबिराचं फाटक तेच उघडायचे, आणि सगळ्या गावाचे कान तपासून झाल्यावर, चार दिवसांपूर्वी कुठे स्वतः खुर्चीत बसले. मशीन लावून चार पावलं चालले आणि गर्रकन मागे वळले. मागे कुणीच नव्हतं. त्यांच्याच चपला वाजत होत्या. तंबूभर हसू पसरलं, सगळ्यात जास्त मामा हसले. मग तीन दिवस त्यांनी कानांची नुसती चैन केली. नळाखाली बादली भरताना जाऊन उभे राहायचे. रांगेतली भांडणं मन लावून ऐकायचे. नवरा काम करताना गुणगुणायला लागला की लांबूनच हात जोडायचे. "बाबा, तुम्ही बेसूर आहात हे यांनासुद्धा कळलं," मुलगी म्हणाली होती.

"मग आता नको का? नीट विचार," ती मुलीला म्हणाली.

मुलीने विचारलं. मामा बराच वेळ बोलले, रिकाम्या अंगणाकडे बघत. मुलगी ऐकत राहिली. त्यांचं बोलून झालं तरी त्यांच्याकडेच बघत होती.

"अगं, सांग ना. काय म्हणाले?"

"शिबिर होतं तोवर ते फाटकापाशीच झोपायचे ना," मुलगी म्हणाली. "काल पहिल्यांदा घरी गेले. बायको वारल्यापासून एकटेच असतात. म्हणतायत, ऐकू येत नव्हतं तेव्हा वाटायचं, घरात सगळं चालू असेल, आपल्यालाच ऐकू येत नाही. काल मशीन लावून बसले, तर घरात काही नाहीच."

असल्या तक्रारींना आईकडे ठरलेली उत्तरं होती.

"सांग त्यांना, सवय होते. पहिले काही दिवस सगळ्यांनाच..."

"आई, हे मी नाही सांगणार."

मामा पुन्हा दोन शब्द बोलले. कुणाचा नंबर राहिला असेल त्याला द्या, ज्याच्या घरी माणसं आहेत त्याला. मुलीने हे कसंबसं सांगितलं आणि बाबांना मदत करते म्हणून बाहेर पळाली. मामांनी मशीन काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि आईच्या हातावर ठेवलं. ते अजून कोमट होतं.

तिने ते डबीत बंद केलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून गादीचं एक टोक धरलं. मामांनी दुसरं धरलं. दोघांनी मिळून गादी दुमडली, मग दुसरी.

तिसऱ्या गादीला ती म्हणाली, "मामा, आमच्याकडे तीन खोल्या आहेत."

मराठीतच म्हणाली.

"परत गेलो की आठ दिवसांत ही होस्टेलला जाणार. हे सकाळी निघतात ते रात्रीच घरी. तीन खोल्यांत मी एकटी. म्हटलं, निदान तीन आठवडे तरी तिघं एका जागी राहू. म्हणून आलो हो इथे. लोक म्हणतात, केवढी सेवा करता. कसली सेवा न् कसलं काय." तिचा आवाज चढला होता. "हे मी घरी कुणाला बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही."

एवढं बोलून ती एकदम थांबली. हातातलं टोक तसंच लोंबत राहिलं.

मामा तिच्या ओठांकडे बघत होते. ओठ मिटले तसे त्यांनी आपल्याकडची बाजू खाली ठेवली, तंबूतलं एकुलतं एक स्टूल ओढून तिच्यासमोर आणलं, त्यावर बसले, आणि हाताने खूण केली, चालू दे.