किरकोळ बदल
एकेचाळीस साली आलेल्या संपादकांच्या पत्राला भुजबलींनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. “तुमच्या चित्रकथेत किरकोळ बदल केलेत. मान्य असल्याचं कळवा, मग छापू.” सोबत भुजबलींनी काढलेलं त्या कथेतलं शेवटचं चित्र होतं. त्यात निपाणीच्या तंबाखूवखारीतली कामगार गुणाबाई मालकाला म्हणत होती, “चुकलं, मालक. पाय धरते.” अक्षर हुबेहूब भुजबलींचंच. मग बदल कुठला? घाबरून आपणच असं लिहिलं असेल, असा त्यांना स्वतःचाच संशय येत राहिला. आज पत्नी तारामतीनं चित्रावरून बोट फिरवलं. “अवो, हितं कागद जाड लागतोय. खळीनं चिकटवलाय की कुणीतरी!” “संपादक असं करतील व्हय गं?” तिनं ओलं फडकं दाबलं, पट्टी सुटली. खाली मूळ शब्द होते: “पाय न्हाय धरायची, मालक!” भुजबलींनी पट्टी पाकिटात घातली. “आपला किरकोळ बदल परत,” एवढं लिहून पाकीट टपालपेटीत टाकलं.