केसभर तडा

नवरा-बायको एकाच कारखान्यात. तो हेल्मेटसाठी प्लास्टिक बनवायचा आणि ती प्रयोगशाळेत ते फोडून बघायची. त्याच्या नव्या मिश्रणाचे तुकडे तिने फ्रीजरमध्ये चांगले गारठवले आणि एकेक करून यंत्राखाली धरले. वरून वजन दाणकन आदळत होतं. सगळे तुकडे शाबूत राहिले, एकाला मात्र केसभर तडा गेला.

"एकच तर आहे," तो कुजबुजला. "कर की जरा काणाडोळा."

प्रयोगशाळेत ती नवऱ्यालाही साहेबच म्हणायची. "साहेब, हा एक ज्याच्या डोक्यावर जाईल, त्याला काय सांगू? बाकीचे शाबूत होते म्हणून?"

तिने सगळा माल नापास केला. तो आठवडाभर तोंड फुगवून बसला.

मग लेक स्कूटर शिकायला लागली, म्हणून तिच्यासाठी हेल्मेट घ्यायला तो बाजारात गेला. दुकानदाराने एक चकचकीत हेल्मेट पुढे केलं आणि छाती ठोकून सांगितलं, "डोळे मिटून घ्या! या कंपनीचा माल आजवर एकदाही चाचणीत नापास झालेला नाही."

त्याने हेल्मेट अलगद परत ठेवलं.

"मग राहू द्या. म्हणजे त्यांच्याकडे माझ्या बायकोसारखं कोणी नाही."