गेणभाऊची साक्ष

भरतने खुर्ची पुढे सरकवली, पण चांगदेव बसला नाही. दोन्ही हात टेबलावर टेकून तो कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत उभा राहिला.

"ह्येच का ते?"

"हेच, अण्णा."

आळेफाट्यावरच्या त्या गाळ्यात नुसता पंख्याचा आवाज होता आणि बाहेर ट्रकांचे हॉर्न. मंचरला अशी सायबर कॅफेची दुकानं ढीगभर होती. पण तिथं ओळखीचं कुणीतरी भेटलंच असतं. भरत गावचाच पोरगा, बाहेर बोलायचा नाही, म्हणून चांगदेव एसटीनं एवढ्या लांब आला होता.

ऑर्कुटवर गावाच्या नावाची एक कम्युनिटी होती. वर देवळाच्या कळसाचा फोटो, खाली पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांच्या गप्पा. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. चांगदेव दहावीला इंग्रजीत आपटला होता, तरी अक्षरं लागत होती. एकेक जुळवत त्यानं वाचलं. चांगदेवच्या वृषालीचं कॉलेजात एकाशी लफडं होतं, पाहुण्यांनी जपून. लिहिणाऱ्याचं नाव 'रॉयल किंग'. तोंडाच्या जागी सिंहाचा फोटो.

रविवारी त्याच्या लेकीची, वृषालीची सुपारी फुटायची होती. नवऱ्या मुलाच्या चुलतभावानं पुण्यात बसून हे वाचलं आणि काल पाहुण्यांचा फोन आला, "जरा थांबू या. तुमच्याच गावचं कुणी लिहितंय म्हटल्यावर..." एवढ्यावर त्यांनी फोन ठेवला. बोलायला ठेवलंय काय! तेव्हापासून पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"पूस ते," चांगदेव म्हणाला.

"मला नाही पुसता येत. ज्यानं लिहिलं त्याला येतं, नायतर कम्युनिटीच्या मालकाला."

"मालक कोन?"

"दुबईला असतो म्हणतात. मी निरोप टाकलाय. उत्तर न्हाई."

"आन् ह्यो सिंव्ह?"

"कोण काय म्हाईत, अण्णा. गावातला असंल, नायतर नसंल बी."

चांगदेव मटकन खुर्चीत बसला. गावात कुणी असं बोललं असतं, तर त्यानं त्याच्या दारात जाऊन गचांडी धरली असती. इथं दारही नव्हतं आणि गचांडीही.

तेवढ्यात उंबऱ्यात चपला वाजल्या. गेणभाऊ आत आला आणि चांगदेवनं मान फिरवली. दोघांची शेतं एकमेकांना लागून. बांध कोणी कोरला यावरून घोडेगावच्या कोर्टात तारखा पडत होत्या. पोरं लहानाची मोठी झाली, पण या दोघांनी एकमेकांशी शब्द काढला नव्हता.

कॉम्प्युटरचं काही असलं की गावाला भरतच ठाऊक, म्हणून गेणभाऊही इथंच आला होता. आजही तो भरतलाच म्हणाला, "पावन्यांनी चौकशी केली ती माझ्यापाशी. पारावर. मी म्हनलं, डोळं झाकून न्या. आता फोन करून म्हनत्यात, तुमी खोटं बोल्ला. मी? माझा शबूद खोटा?"

गावची तशी रीतच होती. सोयरीक जुळवायला आलेला पाहुणा मुद्दाम मुलीच्या बापाच्या वैऱ्यालाच गाठायचा. पोरगी चांगली असली तर वैऱ्यानं तसं सांगायचं. नसली तर "आमाला काय ठावं न्हाई" म्हणत तंबाखू मळत बसायचं. वावगं बोलायचं नाही. शहाणा पाहुणा त्यावरून काय ते ओळखायचा.

"माझं बी लिव त्याच्यात," गेणभाऊ म्हणाला. "मी सांगतो तसं."

"नुसतं नाव न्हाई चालत. आधी तुमचं खातं उघडावं लागंल. फोटो लागंल."

"काढ की."

गेणभाऊनं टोपी सरळ केली, वरचं बटण लावलं आणि कॅमेऱ्यापुढं श्वास धरून बसला. मग एकेक शब्द मोजून टाकावा तसा सांगू लागला, "मी गेणभाऊ. चांगदेवाचा बांधकरी. आमची कोर्टात केस हाय. चांगदेव लई आडमुठा मानूस हाय."

भरतची बोटं थांबली. "आडमुठा लिहू?"

"लिव. नायतर खरं कोन मानंल? फुडं लिव. पन त्याची लेक माझ्या डोळ्यांम्होरं वाढली. तिच्यात खोट न्हाई. ज्याला इचारायचं त्यानं पारावर येऊन मला इचारावं."

चांगदेव भिंतीकडं बघत होता. भरतनं बटण दाबलं. गेणभाऊचा टोपीवाला फोटो सिंहाच्या खाली जाऊन बसला.

भरतनं चहा मागवला. कप रिकामे व्हायच्या आत सिंहाचं उत्तर आलं. भरतनं वाचलं आणि हातातला कप खाली ठेवला. चांगदेवनं पुढं वाकून अक्षरं जुळवली.

म्हाताऱ्याला लई पुळका! ह्याचंच चालू आसंल तिच्यासंगं.

त्याखाली कुणाकुणाचे हसरे चेहरे येऊन पडत होते. चांगदेवला संताप यायला हवा होता. पण सगळ्या अंगातून आला तो नुसता शीण. असल्यांपुढं कुणाकुणाला उभं करायचं?

"काय म्हनतंय?" गेणभाऊनं विचारलं. त्याला इंग्रजी अक्षर ठाऊक नव्हतं.

भरतनं चांगदेवकडं बघितलं.

"मानलं म्हनत्यात," चांगदेव म्हणाला.

इतक्या वर्षांत तो गेणभाऊशी पहिल्यांदाच बोलला होता, आणि तेही खोटं.

गेणभाऊनं वरचं बटण सोडलं, उरलेला चहा बशीत ओतला.

"मानतीलच की," तो म्हणाला. "गाव हाय ते आपलं."