सरड्याच्या आतला माणूस

सरड्यानं घंटाघर मुळासकट उपटलं, खांद्यावर टाकलं आणि तो शहराकडे पाठ करून चालायला लागला. नळवाले काका खदखदून हसले. रिकाम्या थेटरात त्यांचंच हसू त्यांना परत ऐकू आलं.

घंटाघर पुठ्ठ्याचं होतं. लढाऊ विमानं दोऱ्यांना लोंबकळत होती आणि त्यातलं एक तर चक्क उलटं उडत होतं. समुद्रात अणुबॉम्बची चाचणी होते, त्या धुरातून डोंगराएवढा सरडा उठतो, मागोमाग तसाच एक खेकडा उठतो आणि दोघं भांडता भांडता शहराचा भुगा करतात, एवढीच गोष्ट. काकांना ती तोंडपाठ होती. तरीही थेटरवाल्यानं रविवारी दुपारी आणि रात्री हा जुना पिक्चर लावायला घेतल्यापासून त्यांनी दुपारचा एकही खेळ चुकवला नव्हता.

कारण त्या सरड्याच्या आत काका स्वतः होते.

तरुणपणी ते स्टुडिओत नळ जोडायला गेले होते. सरड्याचं रबरी कातडं शिवून तयार आणि आत जाणारा पैलवान काही त्यात मावेना. दिग्दर्शकानं पाना घेऊन उभ्या असलेल्या काकांना खालीवर न्याहाळलं आणि तो म्हणाला, "ह्याला कोंबा!"

पडद्यावर नाव आलं नाही, तोंड कुणाला दिसलं नाही. घरी सांगितलं तर पुतण्या म्हणाला, "तोंडावळा मात्र जुळतो हं, काका!" सगळं घर हसलं. काकांनी पुन्हा विषय काढला नाही. पुतण्याही पुढे दूर राहायला गेला. आता डोळे मिटायच्या आधी एका तरी माणसानं "अय्या, तुम्ही होय ते!" म्हणावं, एवढीच इच्छा मनात ठाण मांडून बसली होती.

आज मध्येच एक म्हातारी आली. सगळ्या खुर्च्या मोकळ्या असताना नेमकी काकांच्या शेजारी बसली.

"दोरी दिसते," काका विमानाकडे बोट दाखवत म्हणाले.

"दिसू दे की. तिच्याच जिवावर उडतंय बिचारं."

काका मनापासून हसले. शेजारी बसून कुणी आपल्याबरोबर हसल्याला किती काळ लोटला होता! आता हिलाच सांगावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी घसा साफ केला.

तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "तो सरडा बघताय ना? त्याच्या आत आमचे हे आहेत."

काका चटकन तिच्याकडे वळले.

"कोण म्हणालात?"

"माझे मिस्टर. आता नाहीत. पण चाल बघा, काय ऐट आहे!"

ऐट कसली? शेपटीत भुसा ठासला होता, ओढताना कंबरडं मोडायचं.

पडद्यावर दोघं तळ्यात उतरले. सरड्यानं खेकड्याला नांग्यांखाली धरून उंच उचललं.

"आता नीट बघा हं," म्हातारी खुर्चीत पुढे सरकली. "लोकांना वाटतं, आपटायला उचललाय. पण खेकड्याच्या कातड्यात पाणी शिरलं होतं. तिकडे दिग्दर्शक ओरडतोय, चालू ठेवा, चालू ठेवा! आमच्या ह्यांनी कॅमेरा थांबेपर्यंत त्याला तसंच वर धरून ठेवलं."

अगदी असंच घडलं होतं. पण ते ठाऊक होतं फक्त दोघांना, सरड्याला आणि खेकड्याला. ओळख झाली की मारामारी लुटुपुटीची होते, असं त्या विक्षिप्त दिग्दर्शकाचं म्हणणं. म्हणून दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत कातड्यात शिवायचे, वेगवेगळ्या गाड्यांतून आणायचे आणि तसेच परत धाडायचे. त्या दिवशीही खेकड्याला बाजूला काढलं ते तसंच, कातड्यासकट. काकांना रबरातून आलेला खोकला तेवढा ऐकू आला होता.

हळूहळू काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. हिचा नवरा खेकडा असणार! बायकोपुढे खेकडा म्हणवून घ्यायची लाज वाटली असेल, म्हणून लेकाचा सरडा होऊन बसला.

काकांचं डोकं भडकलं. ज्याला जिवाच्या करारानं वर धरला त्यानंच आपलं कातडं पळवावं? 'बाई, तो मी!' हे अगदी जिभेच्या टोकावर आलं. त्यांनी मान वळवली. म्हातारी श्वास रोखून पडद्याकडे बघत होती. हिच्याजवळ तरी दुसरं काय उरलं असेल?

"तुमचा नाही ना विश्वास बसत?" तिनं एकदम विचारलं. "खरं ते सांगा. मला राग नाही यायचा."

काकांनी नजर पुन्हा पडद्याकडे वळवली.

"न बसायला काय झालं? भला माणूस होता तुमचा. ते चालीवरूनच कळतं."

तिचा चेहरा उजळेल असं काकांना वाटलं होतं. तो उलट उतरला. आठवण आली असेल, काकांनी मनाशी म्हटलं.

पिक्चर संपला. काका तिला नमस्कार करून बाहेर पडले. जन्मभर जपलेलं एकुलतं एक घर दुसऱ्याच्या नावावर करून आल्यासारखं त्यांना वाटत होतं. रस्ता ओलांडून ते गर्दीत दिसेनासे झाले.

दारवान खुर्च्यांखाली झाडू मारत म्हातारीपाशी आला.

"काय काकू, हेही नव्हेत?"

"नाहीत रे. नवऱ्याची थाप मारली तर मान डोलवून मोकळे झाले. ज्याचा सरडा तो ऐकून घेईल होय? चांगला तावातावानं भांडला असता माझ्याशी."

"रात्रीच्या खेळाला येईल त्या म्हाताऱ्याला तेच सांगत होतात, आता दुपारीही तेच! लग्न तरी झालंय का तुमचं?"

"कुठलं आलंय लग्न!"

"मग त्या सरड्यावाचून तुमचं अडलंय कुठे?"

म्हातारी खुर्चीच्या पाठीला धरून सावकाश उठली.

"त्याचं तोंड एकदा बघायचंय, बाबा. त्या खेकड्याच्या आत मी होते."