भाकरीचं चित्र

“महिन्याचा प्लॅन घेऊ की वर्षाचा, ताई?” एआय चित्रांची साइट उघडून सहसंपादकानं विचारलं.

“आधी या गोष्टीसाठी एक चित्र काढून बघ. भाकरी थापणारी आई.”

क्षणात आई उमटली, पण हातात लाटणं घेऊन. तीनदा बजावूनही तिनं लाटणं सोडलं नाही.

संपादक वासंतीताईंना खांबेटेकाका आठवले. मुलांच्या मासिकाची चित्रं इतकी वर्षं तेच काढत. फोन करून विचारायचे, “भाकरी ज्वारीची की तांदळाची?” त्या प्रश्नांना वैतागूनच ताईंनी परवा त्यांना ‘आता नको’ कळवलं होतं. काका नुसतं “बरं” म्हणाले होते.

“वर्षाचा घे,” म्हणत ताईंनी लाल पेन उचललं. गोष्टीतलं ‘भाकरी थापत होती’ त्यांनी खोडलं आणि वर लिहिलं, ‘पोळी लाटत होती.’