उत्तरेकडची भेग

डोळ्यांसमोर आणा बरं: आपल्या खोलीएवढी रुंद, सहा मजले खोल विहीर, आणि ती काठोकाठ काँक्रीटने भरलेली. फरीदाबादच्या नव्या पुलाखाली पायाचा असाच एक खांब होता. त्याचं डोकं जमिनीवर आलं होतं, आणि तिथेच भेगा पडल्या होत्या.

तिथला मॅनेजर विक्रांत रविवारी सकाळी दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी लॅपटॉपवर पत्र लिहीत होता.

"साइटवरच्या निखिलला कामावरून काढतोय. खांबाला आठ ब्लँकेटं गुंडाळायला सांगितली, सातच मिळाली. वाऱ्याने नेलं म्हणे एक!"

त्याची दहा वर्षांची मुलगी तनया हिचा चेहरा पडला. निखिलदादानेच तिला सायकल शिकवली होती.

"बाबा, तो खोटं नाही बोलणार. मी शोधून काढते."

"आधी पिल्लांना दूध देऊन ये, डिटेक्टिव्ह!" जिन्याखालच्या कुत्र्याच्या पिल्लांवर विक्रांतचाही जीव होता. याच आठवड्यात कामावरून येताना रस्त्याकडेला सापडलेला जाडसर बिछाना त्याने त्यांना आणून दिला होता.

"दूध नंतर. आजोबा, काँक्रीट फाटतं कसं?"

आजोबांचा जन्म पूल बांधण्यात गेला होता. "गारठलेल्या काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतला तर?"

"तडकतो."

"आतली बाजू फुगते, बाहेरची ताणली जाते. सिमेंट पाण्यात कालवलं की आपलं आपण तापतं. जाड खांबाच्या पोटात ती धग कित्येक दिवस राहते. बाहेर ही अशी थंडी. मग कातडी फाटते. म्हणून पांघरूण. हळूहळू निवू द्यायचं."

तनयाने बाबाच्या लॅपटॉपवरचे भेगांचे फोटो निरखले. भेगा फक्त उत्तरेला, दोन-तीन हात रुंद पट्ट्यात. म्हणजे पांघरुणं सगळी होती, पण त्यातलं एकच निघालं.

तिने निखिलला फोन लावला. "दादा, खरं सांग."

"आठही बांधली होती यार, तनू. प्रत्येकावर लाल रंगाने नंबर टाकलाय. मंगळवारी वारं सुटलं, आणि पाच नंबर गायब. सगळी साइट पालथी घातली."

"पत्र पाठवू नकोस, बाबा. दहा मिनिटं थांब."

"पाचच," विक्रांत म्हणाला.

वाटी घेऊन ती खाली गेली. विचार करताना हात कामात असलेला बरा, असं आजोबा म्हणायचे. दूध दिसताच पिल्लं एकमेकांना तुडवत धावली आणि बिछान्याचा कोपरा उलटला.

तनया वाकून बघत राहिली. मग तिने अंगातला स्वेटर काढून पिल्लांखाली सारला, बिछाना काखेत मारला, दोन-दोन पायऱ्या चढत वर आली, आणि लाल पाचचा आकडा वर येईल असा तो बाबाच्या लॅपटॉपवर पसरला.